सामीलनामा आणि हरकत : अपोस्टिल करारात भारत कसा गेला

पुणे महापालिकेने दिलेला एक जन्मदाखला घ्या. त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा ठरावीक नमुन्याचा दाखला लागला, की तो लंडनमध्ये चालतो, न्यूयॉर्कमध्ये चालतो, लिस्बनमध्येही चालतो. बर्लिनमध्ये मात्र चालत नाही. कागद तोच आणि शिक्काही तोच. भारत आणि जर्मनी हे दोन्ही देश एकाच कराराचे सदस्य आहेत, तरीही त्या दोघांपुरता तो करार लागू नाही.

असं का झालं याचं उत्तर 2004-05 मधल्या काही महिन्यांत आहे. एखादा देश आंतरराष्ट्रीय कराराने नेमका कधी, कुणाशी आणि किती बांधला जातो, हे या प्रकरणात इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा स्पष्ट दिसतं. इथे प्रश्न युद्धाचा किंवा सीमेचा नाही, रबरी शिक्क्याचा आहे, त्यामुळे यंत्रणेचे सांधे उघडे दिसतात. देशांची नावं सार्वजनिक नोंदीतली आहेत. अर्जदारांची उदाहरणं नमुन्यादाखल आहेत, ती कुणा एका व्यक्तीची नाहीत.

पार्श्वभूमी

एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा कसा मानायचा, हा जुना प्रश्न आहे. पूर्वीचं उत्तर म्हणजे साक्षांकनाची साखळी. पालिकेच्या निबंधकाची सही राज्य सरकार ओळखतं, राज्याची सही दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय ओळखतं, मंत्रालयाची सही दिल्लीतली परदेशी वकिलात ओळखते आणि वकिलातीची सही त्या देशाचं परराष्ट्र खातं. प्रत्येक टप्प्यावर वेगळी खिडकी, वेगळी फी आणि वेगळी सुट्टी.

हेग इथे 5 ऑक्टोबर 1961 रोजी झालेल्या कराराने ही साखळी एका दाखल्यावर आणली. कागद ज्या देशात तयार झाला, त्या देशाने नेमलेला सक्षम अधिकारी त्यावर अपोस्टिल नावाचा ठरावीक नमुन्याचा दाखला लावतो. हा चौकोन किमान 9 सेंटीमीटर बाजूचा, आत क्रमांक दिलेले 10 रकाने आणि वर फ्रेंच शीर्षक, जे कुठल्याही भाषेत बदलायचं नाही. एवढं असेल तर समोरच्या देशाने वकिलातीचा शिक्का मागायचा नाही. करार 24 जानेवारी 1965 रोजी अमलात आला आणि आज सव्वाशेच्या वर देश त्यात आहेत.

अपोस्टिल कशाची हमी देतो, हे इथेच सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. कलम 5 प्रमाणे तो फक्त तीन गोष्टी सांगतो : सही खरी आहे, सही करणारा त्या हुद्द्यावर होता आणि कागदावरचा शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. कागदातला मजकूर खरा आहे, असं तो म्हणत नाही. खोट्या माहितीवर निघालेल्या खऱ्या दाखल्यालाही खरा अपोस्टिल लागू शकतो.

करारात शिरायची दोन दारं

बहुतेकांच्या डोक्यात करार म्हटलं की सहीचा समारंभ येतो : पेन, झेंडे, हस्तांदोलन. बऱ्याच करारांत ही सही देशाला पूर्णपणे बांधत नाही. ती फक्त हेतू दाखवते, आणि नंतर अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानल्याची औपचारिक मान्यता, दिल्यावरच देश बांधला जातो. भारताने छळविरोधी करारावर 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली, पण अनुसमर्थन केलेलं नाही. त्यामुळे त्या कराराची कलमं भारतावर बंधनकारक नाहीत.

अपोस्टिल कराराचं पहिलं दार सही आणि अनुसमर्थनाचं. कलम 10 प्रमाणे ते फक्त हा करार घडवणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे हेग परिषदेच्या, नवव्या अधिवेशनात हजर असलेल्या देशांना आणि आइसलंड, आयर्लंड, लिक्टेनश्टाइन व तुर्कस्तान या चौघांना उघडं होतं. बाकी सगळ्या जगासाठी कलम 12 चं दुसरं दार : थेट सामील होणं. यात आधी सही नसते. देश एकच कागद देतो, ज्याला मराठीत सामीलनामा म्हणता येईल. (संस्थानांच्या विलीनीकरणामुळे हा शब्द आपल्याकडे ओळखीचा आहे. इथे त्यात सार्वभौमत्व सोडायचं नसतं, एवढाच फरक.)

दोन्ही दारांनी आत गेलेल्याची कर्तव्यं सारखीच असतात, पण आत घेण्याची रीत वेगळी. पहिल्या दाराने आलेल्याला कुणी अडवू शकत नाही. दुसऱ्या दाराने येणाऱ्याविरुद्ध आधीच्या कुठल्याही सदस्याला सहा महिन्यांत हरकत घेता येते. हरकत घेणाऱ्याने कारण द्यावं, असं कलम म्हणत नाही. घेतलेली हरकत पुढे कशी मागे घ्यायची, यावरही ते गप्प आहे. मागे घेता येते हे पुढच्या व्यवहारातून रूढ झालं.

अडचण

2004 पर्यंत भारत या कराराबाहेर होता. भारतीयांचे कागद ज्या देशांत सर्वाधिक जात, त्यांतले अनेक आत होते : ब्रिटन सुरुवातीपासून, अमेरिका 1981 पासून, ऑस्ट्रेलिया 1995 पासून. म्हणजे शिकागोला नोकरीसाठी निघालेल्या माणसाच्या लग्नाच्या दाखल्याला पूर्ण साखळी लागे, आणि त्याच शहरातून भारतात पाठवलेल्या मुखत्यारपत्रालाही भारतीय वकिलातीची पायरी चढावी लागे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसं चालू ठेवणं. यात कायदेशीर जोखीम शून्य, खर्च मात्र सगळा नागरिकाचा.

दुसरा, देशागणिक द्विपक्षीय करार. दिवाणी बाबींतल्या परस्पर साहाय्याचे असे करार भारताने काही देशांशी केलेले आहेत, आणि त्यांत कागदपत्रांना साक्षांकनातून सूट देता येते. पण प्रत्येक देशाशी वेगळी बोलणी, वेगळा मसुदा आणि वेगळी मंजुरी. शंभर देशांशी हे करायचं म्हणजे पिढ्या जातील.

तिसरा, कलम 12 चं दार. एक सामीलनामा, आणि हरकत न घेणाऱ्या सगळ्या सदस्यांशी एकाच दिवशी संबंध सुरू. यासाठी हेग परिषदेचं सदस्य असणंही गरजेचं नव्हतं. भारत त्या परिषदेचा सदस्य झाला तो 13 मार्च 2008 रोजी, म्हणजे करारात गेल्यावर जवळजवळ साडेतीन वर्षांनी. संस्थेचं सदस्यत्व आणि त्या संस्थेने घडवलेल्या कराराचं सदस्यत्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये त्या हमखास एकत्र होतात.

भारताने तिसरा पर्याय निवडला. फायदा-तोट्याच्या हिशेबात तो उघडच सरस होता. पण या पर्यायाचा तोटा पर्याय निवडताना दिसत नाही, सामीलनामा दिल्यावर दिसतो.

प्रत्यक्ष पावलं

भारतात करार करणं हे कार्यकारी मंडळाचं काम आहे. सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीची 14 वी नोंद आणि अनुच्छेद 73 यांतून हा अधिकार येतो. संसदेची पूर्वमंजुरी घटनेने सक्तीची केलेली नाही. अमेरिकेत अशाच करारासाठी सिनेटच्या दोन तृतीयांश मतांचा टप्पा असतो. आपल्याकडे ढोबळ क्रम असा : संबंधित खात्यांचं मत, केंद्र सरकारच्या 1961 च्या कामकाज नियमांप्रमाणे मंत्रिमंडळाची मंजुरी, परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागाने तयार केलेला दस्त, त्यावर राष्ट्रपतींची सही, आणि मग तो दस्त कराराची मूळ प्रत सांभाळणाऱ्याकडे जमा.

अपोस्टिल कराराची मूळ प्रत नेदरलँड्सच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे असते. भारताचा सामीलनामा तिथे 26 ऑक्टोबर 2004 रोजी जमा झाला.

त्या दिवशी भारत बांधला गेला का? नाही, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. दस्त जमा झाला, की डच मंत्रालय सगळ्या सदस्यांना तसं कळवतं. हरकतीचे सहा महिने मोजायचे ते हे कळवणं मिळाल्यापासून, दस्त जमा झाल्यापासून नव्हे. सहा महिने संपले, की त्यानंतरच्या 60 व्या दिवशी, हरकत न घेतलेल्या देशांशी करार सुरू होतो.

भारतासाठी ही तारीख आली 14 जुलै 2005. उलट मोजून बघा : 14 जुलैच्या 60 दिवस मागे 15 मे, त्याच्या सहा महिने मागे 15 नोव्हेंबर. म्हणजे दस्त जमा झाल्यापासून घड्याळ सुरू होईपर्यंत जवळपास तीन आठवडे गेले. कॅनडाचा हिशेब याहून सरळ आहे : दस्त 12 मे 2023 रोजी, मुदत 12 नोव्हेंबरला संपली, आणि 60 वा दिवस म्हणजे 11 जानेवारी 2024. कॅनडातल्या मराठी कुटुंबांना 2023 च्या दिवाळीत काढलेल्या कागदावर वकिलातीचा शिक्का लागत होता आणि संक्रांतीला लागत नव्हता, त्याचं कारण हे गणित.

निर्णयाची पहिली जागा : सक्षम अधिकारी कोण

कलम 6 प्रमाणे सामील होतानाच अपोस्टिल देणारे अधिकारी कोण, हे कळवावं लागतं. ते किती असावेत यावर बंधन नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतंत्र कार्यालय हे काम करतं. टेक्सासचा दाखला टेक्सासमध्येच अपोस्टिल होऊन निघतो.

भारताने हा अधिकार केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे ठेवला. कारण समजण्यासारखं आहे : परदेशाला उत्तर देणारं एकच खातं, एकच नमुना, एकच नोंदवही. पण मंत्रालयाकडे देशभरच्या निबंधकांच्या, मुख्याध्यापकांच्या आणि परीक्षा नियंत्रकांच्या सह्यांचे नमुने नसतात. म्हणून आधी राज्याने ओळख द्यायची. वैयक्तिक कागदांना राज्याचं गृह किंवा सामान्य प्रशासन खातं, शैक्षणिक कागदांना शिक्षण खातं, व्यापारी कागदांना वाणिज्य मंडळ. त्यानंतर मंत्रालय. अपोस्टिलची सरकारी फी 50 रुपये, पण त्या आधीच्या फेऱ्यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

थोडक्यात, देशाबाहेरची साखळी तुटली आणि देशातली तशीच राहिली. करार याला मनाई करत नाही. कागद ‘आपल्या’ सक्षम अधिकाऱ्यापर्यंत कसा आणायचा, ही त्या देशाची अंतर्गत बाब. त्यामुळे कोल्हापूरच्या अर्जदाराला करारात गेल्याचा निम्माच फायदा दिसला.

निर्णयाची दुसरी जागा : कायदा करायचा की नाही

भारतात करार आपोआप कायदा बनत नाही. 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे : देशांतर्गत कायदा होईपर्यंत कराराची तरतूद न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाही. असा कायदा, विषय राज्य सूचीतला असला तरी, संसदेला अनुच्छेद 253 खाली करता येतो.

अपोस्टिलच्या बाबतीत जाणाऱ्या कागदांसाठी कायद्याची गरज नव्हती. स्टिकर लावणं हे प्रशासकीय काम आहे. गरज होती ती येणाऱ्या कागदांसाठी. 30 जून 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 85 मुखत्यारपत्राबद्दल बोलत होतं : नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्यदूत किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यासमोर झालेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 33 मधली यादीही अशीच. दोन्हीकडे अपोस्टिल हा शब्द नाही.

आता दुय्यम निबंधकाच्या खुर्चीवरून पाहा. न्यू जर्सीतल्या भावाने नाशिकच्या जमिनीच्या विक्रीसाठी बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं आहे. तिथल्या नोटरीची सही आहे, त्यावर न्यू जर्सी राज्याचं अपोस्टिल आहे. करार सांगतो, आणखी काही मागू नका. निबंधकाच्या हातातल्या कायद्यात मात्र नोटरी आहे आणि वाणिज्यदूत आहे. हा नोटरी भारतीयच हवा की परदेशी चालेल, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. अशा वेळी अधिकारी जे करतो ते स्वाभाविक आहे : वकिलातीचा शिक्का आणा म्हणतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, कारण त्याला नोकरी कायद्याप्रमाणे करायची असते, हेगमधल्या कागदाप्रमाणे नाही.

ज्या खात्यांनी आपापले नियम बदलले, तिथे घोळ मिटला. कंपनी स्थापनेच्या 2014 च्या नियमांतला नियम 13 पाहण्यासारखा आहे. त्यात परदेशी भागधारकांच्या सहीसाठी वेगवेगळे मार्ग दिले आहेत : राष्ट्रकुलातल्या देशात असेल तर तिथला नोटरी, अपोस्टिल करारातल्या देशात असेल तर नोटरी आणि अपोस्टिल, दोन्हींत नसेल तर नोटरी आणि वकिलात. मुंबईतल्या कंपनी सचिवाला यावर वाद घालावा लागत नाही. हीच एक ओळ इतर कायद्यांत गेली असती, तर अनेकांच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

आणखी एक गैरसमज : अपोस्टिल आहे म्हणजे मुद्रांक शुल्क नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे राज्याबाहेर झालेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर शुल्क भरावं लागतं. करार सहीच्या ओळखीपुरता आहे, महसुलाशी त्याचा संबंध नाही.

हरकती

मे 2005 मध्ये मुदत संपली तेव्हा पाच देशांच्या हरकती नोंदल्या गेल्या होत्या : जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, स्पेन आणि फिनलंड. यातला नेदरलँड्स म्हणजे ज्याच्याकडे सामीलनामा ठेवला, तोच देश. यात विसंगती नाही. मूळ प्रत सांभाळणारा देश त्या कामात कारकुनासारखा असतो : आलेला कागद नोंदवायचा आणि सगळ्यांना कळवायचा. सदस्य म्हणून त्याचं मत वेगळं असू शकतं.

हरकतीने काय होतं आणि काय होत नाही, हे नेमकं समजून घेतलं पाहिजे. तिने भारताचं सदस्यत्व अडलं नाही. भारत आणि इतर देश यांच्यातला संबंधही बिघडला नाही. फक्त भारत व तो एक देश, एवढ्या जोडीपुरता करार सुरूच झाला नाही. म्हणजे ‘भारत अपोस्टिल करारात आहे’ हे एक वाक्य दिसतं, पण प्रत्यक्षात ते शंभरावर वेगवेगळ्या जोड्यांचं गाठोडं आहे. प्रत्येक गाठ सुटी तपासावी लागते.

इथे मौनं सम्मतिलक्षणम् चालतं : जो सहा महिने गप्प बसला त्याने मान्य केलं. सगळ्या हेग करारांत असं नाही. परदेशातून पुरावा घेण्याच्या 1970 च्या करारात भारत 2007 मध्ये सामील झाला. तिथे नियम नेमका उलटा आहे : जो देश तुम्हाला स्वीकारल्याचं स्पष्ट जाहीर करेल, त्याच्याशीच करार सुरू. तिथे मौन म्हणजे नकार. दोन्ही करार एकाच संस्थेने घडवले, दोन्हींत शिरण्याची कृती एकच, आणि शिरल्यानंतरचा परिणाम विरुद्ध. म्हणून कुठल्याही कराराची शेवटची कलमं आधी वाचावीत. मसुद्यावर भांडणारे तिथे पोचेपर्यंत दमलेले असतात, पण कोण कधी कुणाशी बांधला जातो ते तिथेच लिहिलेलं असतं.

पुढच्या काही वर्षांत बेल्जियम, स्पेन, नेदरलँड्स आणि फिनलंड यांनी हरकती मागे घेतल्या आणि त्या चौघांशी करार सुरू झाला. जर्मनीची हरकत 2024 मध्येही कायम होती.

जर्मनीचं काय

जर्मनीची अडचण सहीपेक्षा मजकुराची आहे. भारतातल्या जर्मन वकिलातींनी भारतीय कागदांचं साक्षांकनच थांबवलं आहे. त्याऐवजी तपासणीची पद्धत आहे : जर्मनीतलं विवाह नोंदणी कार्यालय किंवा दुसरं खातं वकिलातीला विनंती करतं, वकिलात तिच्या विश्वासातल्या वकिलाला मूळ नोंद पाहायला पाठवते, तो अहवाल देतो, आणि निर्णय जर्मनीतलं कार्यालय घेतं. खर्च अर्जदाराचा. वेळ आठवड्यांत नाही, बहुधा महिन्यांत मोजावा लागतो.

त्या वकिलाला काय सापडतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात कपाट उघडलं तरी दिसेल. जन्मनोंदीत बाळाचं नाव नाही, नुसतं ‘मुलगा’. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख आणि जन्मनोंदीची तारीख यांत काही महिन्यांचं अंतर, कारण शाळेत घालताना वय बसवलेलं. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. जन्मानंतर वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने झालेली उशिराची नोंद. यातली एकही गोष्ट बनावट नाही. तरी परक्या नजरेला संशय यायला एवढं पुरेसं असतं, आणि अपोस्टिल या प्रश्नाला उत्तर देऊच शकत नाही.

म्हणून ‘जर्मनीने करार मोडला’ ही तक्रार चुकीची आहे. कलम 12 ने दिलेला हक्क तिने वापरला. फिलिपीन्स सामील झाला तेव्हाही जर्मनी, ऑस्ट्रिया, फिनलंड आणि ग्रीस यांनी हेच केलं होतं.

अर्जदाराने जर्मनीसाठी अपोस्टिल काढलं, तर ते बेकायदेशीर नाही, निरुपयोगी आहे. एजंट मात्र ते आनंदाने काढून देतात. पैसे भरण्याआधी हेग परिषदेच्या सदस्य-तक्त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : तो देश आत आहे का, करार तिथे कधी सुरू झाला, आणि हरकतीच्या रकान्यात भारताशी त्याची जोडी आहे का. संयुक्त अरब अमिराती आणि कतार करारातच नव्हते, तिथे जुनी साखळी. सौदी अरेबिया डिसेंबर 2022 पासून आत आहे. ‘आखाती देशांना अपोस्टिल चालत नाही’ हे जुनं सूत्र त्यामुळे आता निम्मंच खरं आहे.

निकाल

14 जुलै 2005 पासून बहुतेक देशांशी एकच टप्पा उरला. गोव्यासाठी याचं महत्त्व वेगळंच. पोर्तुगीज राष्ट्रीयत्वासाठी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जाणारे जन्म आणि विवाहाचे गोमंतकीय दाखले अपोस्टिलवर जातात, कारण पोर्तुगालने हरकत घेतली नव्हती. ती घेतली असती, तर म्हापशापासून मडगावपर्यंतच्या हजारो कुटुंबांच्या फायली आज वेगळ्या दिसल्या असत्या.

येणाऱ्या कागदांच्या बाजूला निकाल मिश्र राहिला. नियम बदलले तिथे सुरळीत, न बदलले तिथे अधिकाऱ्यागणिक वेगळा अनुभव.

आणि मग 2023 आलं. चीनने 8 मार्च रोजी सामीलनामा दिला, 7 नोव्हेंबरपासून करार चीनमध्ये सुरू झाला, आणि भारताने हरकत घेतल्यामुळे भारत-चीन या जोडीपुरता सुरू झाला नाही. अठरा वर्षांपूर्वी ज्या कलमाने भारत काही दारांबाहेर राहिला, तेच कलम भारताने वापरलं. चीनमधून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदांना वकिलातीचा शिक्का लागतो, तो यामुळे.

पुन्हा करायचं झालं तर

सामीलनामा देण्याआधी संभाव्य हरकतींची चाचपणी करता आली असती. सहा महिन्यांची मुदत सुरू झाली, की समोरच्या देशाच्या फायलीवर तारखेचा दबाव येतो, आणि शंका असलेला देश आधी हरकत घेऊन ठेवतो. नंतर मागे घेणं त्याला सोपं, पण ती मागे घ्यायला लावणं आपल्याला अवघड. आधी चर्चा झाली असती तर पाचांपैकी किती टळल्या असत्या हे सांगता येत नाही, पण त्यांतल्या चार पुढे मागे घेतल्या गेल्या, म्हणजे त्या अटळ नव्हत्या.

दस्त जमा होण्यापासून अंमलापर्यंत भारताला साडेआठ महिने मिळाले. सामील होण्याच्या मार्गात सही आणि अनुसमर्थन यांच्यामधला निवांत काळ नसतो. जी काही घरातली तयारी करायची ती दस्त देण्याआधी किंवा या मुदतीत. पुरावा कायदा आणि नोंदणी कायद्यात एकेक उपकलम घालायला तो वेळ पुरला असता. निदान दुय्यम निबंधकांसाठी एक परिपत्रक तरी निघायला हवं होतं, त्याला विधेयकाचीही गरज नव्हती.

सक्षम अधिकारी राज्यांच्या राजधान्यांत नेमण्याला करारात अडथळा नव्हता, आजही नाही. नवा अधिकारी नेमायचा तर फक्त डच मंत्रालयाला कळवायचं असतं. याच्या उलट एक खरी अडचण आहे : अधिकारी वाढले की नोंदवह्या वाढतात, आणि कलम 7 प्रमाणे परदेशातून कुणीही विचारलं तर हा क्रमांक खरा आहे का ते नोंदीवरून पडताळून सांगावं लागतं. मुंबईत आणि दिल्लीत दोन वेगळी उत्तरं निघाली, तर ज्यांनी हरकती मागे घेतल्या तेही पुन्हा विचार करतील. एकाच संगणकीय नोंदवहीवर अनेक कार्यालयं, हा मधला मार्ग 2004 मध्ये महाग होता. आता नाही.

जर्मनीच्या हरकतीवर उपाय हेगमध्ये नाही, जन्म-मृत्यू निबंधकाच्या टेबलावर आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झालेली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे, आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा आणि ठिकाणाचा मुख्य पुरावा आहे. ती मुलं लग्नाची होतील तेव्हा त्यांच्या कागदांत शाळेची तारीख आणि पालिकेची तारीख वेगळी असण्याचं कारण उरणार नाही. तोपर्यंत कुणाला जर्मनीत लग्न करायचं असेल, तर त्याने तिथल्या कार्यालयाला कुठले कागद लागतात ते लेखी विचारावं, आणि सगळ्या कागदांवरचं आपलं व आईवडिलांचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये आणण्याचं काम हॉल ठरवण्याच्या आधी सुरू करावं.